स्टॉकहोमचा राजवाडा : लेकीच्या गादीचा इतिहास कुठल्या दालनात पाहायचा

स्टॉकहोमच्या राजवाड्यात सहाशेहून जास्त खोल्या आहेत. तिकीट काढून आत शिरलेला माणूस बहुतेक वेळा छतावरची चित्रं, झुंबरं आणि सोनेरी मुलामा बघत दीड-दोन तासांत बाहेर पडतो आणि सगळे राजवाडे सारखेच, असं म्हणून मोकळा होतो. नुसती श्रीमंती पाहायची असेल तर युरोपात याहून देखणे राजवाडे आहेत. पण राजाची मुलगी गादीवर बसू शकते की नाही, हा प्रश्न युरोपातल्या राजघराण्यांनी कसकसा सोडवला, हे जर वस्तूंमधून समजून घ्यायचं असेल, तर या राजवाड्याला तोड नाही. मुलीला मिळालेली गादी, तिने स्वतःहून सोडलेली गादी, नवऱ्याच्या हाती दिलेली गादी, कायद्याने मुलींना बंद केलेली गादी आणि कायद्यानेच पुन्हा उघडलेली गादी, हे सगळं इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पूर्ण दिवस द्यावा असं हे ठिकाण आहे. फक्त नेहमीचा क्रम मोडावा लागतो.

कायद्याचे कागद इथे शोधू नयेत. इथे तलवारी, मुकुट, बाप्तिस्म्याचं पात्र, सिंहासन आणि रक्ताचे डाग पडलेले कपडे आहेत. त्यामुळे चार-पाच तारखा डोक्यात ठेवूनच आत जावं : १६०४, १६३२, १६५०, १८१० आणि १९८०. त्यांचे अर्थ पुढे ओघाने येतीलच. या आकड्यांशिवाय मुकुट नुसते मुकुट दिसतात.

आधी दारांचं समजून घेऊ, कारण इथे हमखास घोळ होतो. राजवाडा गामला स्तान या जुन्या शहरात आहे. त्याच नावाच्या मेट्रो स्थानकातून दहा-एक मिनिटांत पायी पोहोचता येतं. राजवाड्यात पाहण्यासारखं जे आहे, ते सगळं एका व्यवस्थेखाली नाही. राजघराण्याची दालनं, तळघरातला खजिना आणि जळालेल्या जुन्या किल्ल्याचं ‘त्रे क्रूनूर’ संग्रहालय यांचं तिकीट एकत्र मिळतं. लीवरुस्तकामारेन, म्हणजे राजांचं शस्त्रागार आणि पोशाखसंग्रह, हे मात्र त्याच इमारतीच्या तळघरात असूनही वेगळं सरकारी संग्रहालय आहे. त्याचं दार वेगळं, वेळा वेगळ्या, तिकिटाचे नियमही वेगळे. एका तिकिटावर दुसरीकडे जाता येईल असं गृहीत धरलं की दारातून परत फिरावं लागतं. स्वीडनमध्ये रोख क्रोना जवळजवळ कुठेच चालत नाहीत, कार्ड जवळ ठेवावं.

दुसरी अडचण बंद दालनांची. हा वापरातला राजवाडा आहे. राजकुटुंब १९८१ पासून शहराबाहेरच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्यात राहतं, पण राजाचं कार्यालय इथेच आहे आणि सरकारी समारंभही इथेच होतात. परदेशी पाहुणे यायचे असले की मेजवानीची दालनं बंद होतात. डिसेंबरात नोबेल विजेत्यांसाठी राजा जी मेजवानी देतो तिच्या आसपासच्या दिवसांतही तेच. हिवाळ्यात सोमवारी बहुधा सगळंच बंद असतं. ज्या दिवशी जायचं त्या दिवसाच्या वेळा आदल्या संध्याकाळी बघून घ्याव्यात. महिन्यापूर्वी लिहून ठेवलेल्या वेळांवर विसंबू नये.

आता क्रम. बहुतेक जण वरच्या दालनांपासून सुरुवात करतात आणि थकल्यावर तळघरात उतरतात. याच्या उलट करावं. सुरुवात लीवरुस्तकामारेनपासून.

हे स्वीडनमधलं सर्वांत जुनं संग्रहालय. पोलंडच्या मोहिमेत वापरलेले आपले कपडे आठवण म्हणून जपून ठेवा, असं गुस्ताव दुसरा अडॉल्फ याने १६२८ मध्ये सांगितलं, तिथून त्याची सुरुवात. पण या विषयासाठी महत्त्वाचा आहे तो त्याच राजाचा शेवट. १६३२ च्या नोव्हेंबरात ल्युत्झेनच्या लढाईत तो मारला गेला. त्याच्या अंगावरचे रक्ताळलेले कपडे आणि जाड कातड्याचा अंगरखा या संग्रहात आहेत. अंगरखा शत्रूच्या हाती पडून व्हिएन्नाला गेला होता, तो १९२० मध्ये परत मिळाला. त्याचा घोडा स्ट्रायफही पेंढा भरून उभा आहे. कापड जपण्यासाठी उजेड मंद ठेवलेला असतो आणि काही वस्तू आलटून पालटून मांडतात. डोळे सरावायला थोडा वेळ द्यावा.

या कपड्यांसमोर एक हिशोब मांडावा. राजा पडला तेव्हा त्याची एकुलती एक मुलगी क्रिस्टीना जेमतेम सहा वर्षांची होत होती. तरीही गादीवरून भांडण पेटलं नाही. याचं श्रेय नशिबाला नाही, आधी करून ठेवलेल्या तजविजीला आहे. १६०४ मध्ये नोर्शेपिंग इथे झालेल्या वारसाकरारात अविवाहित मुलीचा हक्क मान्य झाला होता. आणि मोहिमेवर निघण्याआधी गुस्ताव अडॉल्फने १६२७ मध्ये रीक्सडागकडून, म्हणजे संसदेकडून, लहानग्या क्रिस्टीनाला वारस म्हणून मान्यता मिळवून घेतली होती. बाप रणात पडला तेव्हा कागद तयार होता. चान्सेलर अक्सेल ऑक्सेनशेर्नाच्या नेतृत्वाखाली पाच जणांच्या मंडळाने कारभार सांभाळला आणि १६४४ मध्ये अठरा वर्षांची झाल्यावर तिने तो हाती घेतला. स्त्रीवारसाच्या युरोपीय इतिहासात जिथे जिथे युद्धं झाली तिथे बहुधा हा कागदच उशिरा किंवा अर्धवट तयार झालेला दिसतो. स्पेनमध्ये मुलीचा हक्क मान्य करणारा आदेश १८३० मध्ये जाहीर झाला, १८३३ मध्ये बाप वारला, आणि तीन वर्षंही न भरलेल्या इसाबेलच्या विरोधात तिच्या काकाच्या पक्षाने युद्ध पुकारलं. क्रिस्टीनाच्या बाबतीत तसं का झालं नाही, याचं उत्तर या तळघरात आहे.

इथे सव्वा तास पुरतो. गाड्या आणि रथ पाहायचे असतील तर अर्धा तास जास्त.

त्यानंतर खजिना, म्हणजे स्काटकामारेन. तोही तळघरात. आत फोटो काढू देत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. मोबाइल खिशात गेला की माणूस नीट बघतो, हा एक फायदाच. वस्तू मोजक्या आहेत आणि पाऊण तासात सावकाश बघून होतात.

पहिल्यांदा राजा गुस्ताव वासाच्या दोन राजतलवारी आणि एरिक चौदावा याच्या १५६१ च्या राज्याभिषेकाचा मुकुट, राजदंड, राजसत्तेचं चिन्ह असलेला गोल आणि किल्ली. बहुतेकांची गर्दी याच पेटीभोवती असते. पण थांबायचं आहे ते त्याहून लहान एका मुकुटापाशी : कार्ल गुस्तावसाठी १६५० मध्ये केलेला वारसाचा मुकुट. तो राजाचा मुकुट नाही, गादीच्या पुढच्या हक्कदाराचा आहे. क्रिस्टीनाला लग्न करायचं नव्हतं. मग तिच्यामागे कोण, हा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. आतेभाऊ कार्ल गुस्तावला आधी वारस म्हणून मान्यता मिळवून दिली आणि १६५० मध्ये, स्वतःच्या राज्याभिषेकाच्या वेळी, वंशपरंपरागत राजपुत्राचा दर्जा दिला. म्हणजे वारस ठरवण्याचा अधिकार एका स्त्रीने पुरेपूर वापरला, त्याचा हा सोन्यातला पुरावा. चार वर्षांनी, ६ जून १६५४ ला, तिने उपसाला इथे गादी सोडली आणि देशही सोडला. (६ जून हाच आज स्वीडनचा राष्ट्रीय दिवस आहे, पण तो १५२३ मध्ये झालेल्या गुस्ताव वासाच्या निवडीमुळे. क्रिस्टीनाशी त्याचा संबंध नाही.)

पुढे लोविसा उलरिकाचा १७५१ चा हिऱ्यांचा मुकुट आहे. तो पाहताना एक फरक मनाशी पक्का करावा. मराठीत ‘राणी’ म्हटलं की राज्य चालवणारी राणी आणि राजाची बायको, दोन्ही अर्थ होतात. स्वीडिश भाषेतही तसंच आहे, एकच शब्द दोघींना. हा मुकुट राजाच्या बायकोचा आहे. लोविसा उलरिका राज्यकर्ती नव्हती. स्वीडनच्या इतिहासात नवीन काळातल्या राज्यकर्त्या राण्या दोनच : क्रिस्टीना आणि उलरिका एलेओनोरा. नावांतल्या ‘उलरिका’मुळे दुसरी आणि लोविसा उलरिका यांची गल्लत फार होते.

उलरिका एलेओनोराची गोष्ट क्रिस्टीनाच्या अगदी उलट. भाऊ कार्ल बारावा १७१८ च्या ३० नोव्हेंबरला मारला गेला, त्याला मूल नव्हतं. १६०४ चा करार अविवाहित मुलीलाच हक्क देत होता आणि हिचं लग्न झालेलं होतं. शिवाय थोरल्या, वारलेल्या बहिणीचा मुलगा दावेदार होता. तेव्हा संसदेने १७१९ मध्ये तिला वारस म्हणून स्वीकारलं नाही, निवडून दिलं, आणि त्या बदल्यात अनियंत्रित राजसत्ता सोडायला लावली. नवऱ्याला सहराजा करण्याची तिची मागणीही फेटाळली. शेवटी १७२० मध्ये तिने गादी सोडून नवरा फ्रेडरिकला राजा करून घेतलं. हक्क कायद्यात स्पष्ट नसला की गादी मिळते, पण तिची किंमत मोजावी लागते, हे तिच्या वर्षभराच्या राज्यातून दिसतं.

खजिन्यातली या विषयासाठी सर्वांत मोलाची वस्तू मात्र मुकुट नाही. ती आहे बाप्तिस्म्याचं चांदीचं भलंमोठं पात्र. फ्रेंच कारागीर कूझिने याने ते केलं, १७०७ मध्ये पूर्ण झालं, आणि राजघराण्यातल्या बाळांचा बाप्तिस्मा आजही त्याच्यावर होतो. १९७७ मध्ये व्हिक्टोरियाचा आणि १९७९ मध्ये कार्ल फिलिपचा बाप्तिस्मा राजवाड्याच्या चर्चमध्ये झाला. या दोन वर्षांत काय घडलं ते इथेच उभं राहून समजून घ्यावं, कारण आधुनिक युरोपातल्या स्त्रीवारसाची खरी कलाटणी तिथे आहे.

१८१० मध्ये बर्नादोत या आजच्या राजघराण्यासाठी जो वारसा कायदा झाला, त्यात गादी फक्त पुरुषांच्या शाखेला होती. त्यामुळे १४ जुलै १९७७ ला व्हिक्टोरिया जन्मली तेव्हा ती राजाचं पहिलं अपत्य असूनही वारस नव्हती. गादीचा पुढचा हक्क राजाचे काका, पासष्टीच्या घरातले प्रिन्स बेर्टिल यांच्याकडे होता. कायदा बदलायचं ठरलं होतं, पण स्वीडनमध्ये घटनेच्या दर्जाचा कायदा बदलायचा तर संसदेत दोनदा मंजूर व्हावा लागतो आणि त्या दोन मंजुऱ्यांच्या मधे सार्वत्रिक निवडणूक यावी लागते. निवडणूक होती १९७९ च्या सप्टेंबरात. त्याआधीच, १३ मे १९७९ ला, कार्ल फिलिप जन्मला. जुना कायदा चालू होता, म्हणून तो जन्मतःच युवराज झाला आणि ३१ ऑगस्टला युवराज म्हणूनच त्याचा बाप्तिस्मा झाला. निवडणुकीनंतर दुसरी मंजुरी मिळाली, १ जानेवारी १९८० ला नवा कायदा लागू झाला, आणि साडेसात महिन्यांचा युवराज साधा राजपुत्र झाला. अडीच वर्षांची बहीण युवराज्ञी झाली. आधीच मिळालेलं स्थान मुलाकडून काढून घेणं राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांना पटलं नव्हतं आणि त्यांनी ते उघड सांगितलं. पण संसदेने तारीख पुढे ढकलली नाही.

मुलगा-मुलगी भेद न करता थोरल्या अपत्याला गादी देणारा युरोपातला हा पहिला कायदा. त्याची रचना बघण्यासारखी आहे. एकीकडे त्याने दार उघडलं, दुसरीकडे उंबरठा अरुंद केला : हक्क फक्त कार्ल सोळावे गुस्ताफ यांच्या वंशजांना. घराण्याच्या जुन्या शाखांमधल्या मुलींचे दावे मागून उभे राहू नयेत, यासाठी ही अट लागतेच. बेर्टिल यांच्यासाठी तेवढा अपवाद ठेवला, ते रांगेत सर्वांत शेवटी राहिले. बाकी जुन्या अटी तशाच आहेत : वारस शुद्ध इव्हँजेलिकल, म्हणजे ल्यूथरपंथी, धर्ममताचा हवा, देशात वाढलेला हवा, आणि लग्नाला सरकारची संमती हवी.

आता वर चढून राज्यसभागृहात, म्हणजे रीक्ससालेनमध्ये यावं. सगळ्या भेटीचा गाभा हाच. समोर चांदीचं सिंहासन आहे. स्वीडनच्या राजांचं सिंहासन म्हणून ते दाखवलं जातं आणि ते खरंही आहे, पण ते बनलं एका राणीसाठी. मागनुस गाब्रिएल दे ला गार्दी या सरदाराने क्रिस्टीनाच्या १६५० च्या राज्याभिषेकासाठी ते भेट दिलं. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या आब्राहाम ड्रेंटवेटने घडवलं. पाठीच्या वरच्या कडेला न्याय आणि शहाणपण यांच्या स्त्रीमूर्ती आहेत. ७ मे १६९७ ला जुना किल्ला जळाला तेव्हा जे थोडं वाचलं त्यात हे सिंहासन होतं. नंतरचे राजे त्याच्यावरून संसदेचं उद्घाटन करत आले, ते थेट १९७४ पर्यंत.

सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना दोन पुतळे आहेत, आणि इथे पाच मिनिटं शांत उभं राहावं. एका बाजूला गुस्ताव दुसरा अडॉल्फ, ज्याने मुलीला वारस म्हणून मान्यता मिळवून ठेवली. दुसऱ्या बाजूला कार्ल चौदावा योहान, म्हणजे फ्रान्सचा मार्शल बर्नादोत, ज्याच्या घराण्यासाठी १८१० चा फक्त पुरुषांचा कायदा लिहिला गेला. मधे एका स्त्रीसाठी घडवलेलं आसन. कुणी मुद्दाम अर्थ लावून हे मांडलेलं नाही, पण तीनशे वर्षांचा वाद याहून नेमका कुठे उभा केलेला नाही.

याच सभागृहात १९ सप्टेंबर १९७३ ला कार्ल सोळावे गुस्ताफ यांनी राज्यारोहणाचं भाषण केलं. मुकुट डोक्यावर नव्हता, उशीवर ठेवून सिंहासनाशेजारी मांडला होता. स्वीडनमध्ये शेवटचा राज्याभिषेक १८७३ मध्ये झाला. त्यामुळे उद्या व्हिक्टोरिया राणी झाली तर खालच्या तळघरातला मुकुट तिच्या डोक्यावर चढवला जाईल अशी अपेक्षा धरू नये. १४ जुलै १९९५ ला, अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, तिचा सज्ञान होण्याचा समारंभही इथेच झाला आणि तिने वारस म्हणून पहिलं मोठं भाषण केलं. त्या आसनाचा हक्क घेऊन त्या सभागृहात उभी राहिलेली ती पहिली वारसकन्या.

राज्यसभागृहासमोरच, त्याच जिन्याच्या दुसऱ्या अंगाला, राजवाड्याचं चर्च आहे. खाली पाहिलेलं चांदीचं पात्र समारंभाला इथे आणतात. २२ मे २०१२ ला व्हिक्टोरियाची मुलगी एस्टेल हिचा बाप्तिस्मा इथेच झाला. एस्टेल ही जन्मापासूनच थोरलेपणाच्या हक्काने रांगेत असलेली या घराण्यातली पहिली मुलगी. तिच्या आईसाठी कायदा बदलावा लागला, तिच्यासाठी काहीच करावं लागलं नाही. २०१६ मध्ये भाऊ ऑस्कर जन्मला, तो तिच्या मागे राहिला.

वरची दालनं यानंतर. त्यात मंत्रिपरिषदेची खोली चुकवू नये. सोनेरी दालनांच्या मानाने ती साधी आहे म्हणून लोक भराभर पुढे सरकतात. राजा वर्षातून काही वेळा सरकारकडून कारभाराची माहिती इथे घेतो आणि युवराज्ञीही त्या बैठकींना बसते. वारसाहक्क म्हणजे फक्त मिरवणूक आणि मुकुट नव्हे, कामाची तालीमही असते, ती या टेबलाशी दिसते.

वाटाड्यासोबतची फेरी घ्यावी का? घ्यावी, पण राज्यसभागृह बघून झाल्यावर. आधी घेतली तर एवढी नावं कानावर पडतात की कार्ल आणि गुस्ताव यांचा गुंता होतो. आणि प्रश्न नेमका विचारावा. “स्त्रिया गादीवर बसू शकतात का?” असं विचारलं तर “हो, १९८० पासून” एवढंच उत्तर मिळतं. “१६०४ मध्ये कुणाला हक्क होता, १८१० मध्ये तो का गेला आणि १९८० मध्ये कुणापुरता परत आला?” असं विचारलं की बोलणं रंगतं.

याच विषयावर इतर देशांत काय पाहता येतं, त्याच्याशी तुलना केल्याशिवाय या भेटीचं मोल कळत नाही. नियम वरवर एकसारखे वाटतात, फरक असतो तो कुठल्या तारखेनंतर जन्मलेल्यांना ते लागू होतात यात. नॉर्वेने १९९० मध्ये थोरलेपणाचा नियम केला, पण तेव्हा हयात असलेल्यांना वगळून. म्हणून १९७१ ची मार्था लुईसे १९७३ च्या धाकट्या भावाच्या, होकोनच्या, मागेच राहिली आणि नियमाचा पहिला खरा लाभ होकोनची मुलगी इंग्रिड अलेक्झांड्रा हिला मिळाला. ब्रिटनने २८ ऑक्टोबर २०११ ही तारीख धरली. त्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये, ब्रिटनची राणीच ज्यांची राष्ट्रप्रमुख होती अशा सोळा देशांनी तत्त्वतः मान्यता दिली, कायदा २०१३ चा आणि अंमल २६ मार्च २०१५ पासून, कारण प्रत्येक देशाची स्वतंत्र प्रक्रिया पूर्ण व्हावी लागली. म्हणून राजकन्या ॲन धाकट्या भावांच्या मागे आहेत, पण राजपुत्र विल्यम यांची २०१५ ची मुलगी शार्लट २०१८ च्या धाकट्या भावाच्या, लुईच्या, पुढे आहे. स्वीडनने मात्र जन्मलेल्या मुलाचं स्थान बदललं. कुणाला ते कठोर वाटेल, पण नियम एका पिढीने पुढे ढकलला असता तर समोरच्या मुलीला तो फक्त दाखवण्यापुरता राहिला असता. या बाबतीत स्वीडनचा कायदा सर्वांत प्रामाणिक आहे.

डेन्मार्कचा रस्ता वेगळा, दोन टप्प्यांचा. १९५३ मध्ये भावांना प्राधान्य ठेवून मुलींना हक्क दिला, त्यामुळे मार्ग्रेटे आपल्या काकांच्या पुढे आली आणि १९७२ मध्ये राणी झाली. पूर्ण समानता ७ जून २००९ च्या जनमतसंग्रहाने आली. १४ जानेवारी २०२४ ला तिने गादी सोडल्यापासून युरोपात राज्यकर्ती राणी नाही. नेदरलँड्सने १९८३ च्या घटनेत आणि बेल्जियमने १९९१ मध्ये भेद काढला. बेल्जियममध्ये तोवर मुलींना काहीच नव्हतं, त्यामुळे तिथली झेप मोठी. लक्झेंबर्ग तर मुलीला हक्क नाही म्हणूनच १८९० मध्ये नेदरलँड्सपासून वेगळं झालं होतं. विल्हेल्मिना डच राणी झाली, लक्झेंबर्गची गादी नासाऊ घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे गेली. पुढे त्या शाखेतही मुलीच उरल्या, तेव्हा १९०७ मध्ये नियम वाकवावा लागला, आणि २०११ मध्ये थोरलेपणाचा नियम आला.

अडकलेला आहे तो स्पेन. १९७८ च्या घटनेच्या ५७ व्या कलमात मुलाला बहिणीच्या आधी मान आहे. राजाची मुलगी लेओनोर वारस आहे ती फक्त भाऊ नाही म्हणून. कलम बदलायचं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, मग संसद विसर्जित, नव्या संसदेत पुन्हा दोन तृतीयांश, आणि वर जनमतसंग्रह. एवढा धोका कुठलंही सरकार सहज पत्करत नाही. मोनाकोत भावाला प्राधान्य अजून चालू आहे : २०१४ च्या जुळ्यांपैकी गाब्रिएला आधी जन्मली, वारस मात्र झाक. लिक्टेनश्टाइनमध्ये मुलींना हक्कच नाही.

भेटीत होणाऱ्या चुका तीन-चारच, पण त्या नेहमीच्या आहेत. पहारा बदलण्याचा कार्यक्रम दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, रविवारी तासभर उशिरा असतो. त्या वेळी बाहेरचं अंगण खचाखच भरतं आणि तो संपताच सगळी गर्दी वरच्या दालनांत शिरते. म्हणून त्या वेळात तळघरात असावं. दुसरी चूक, खजिना शेवटच्या अर्ध्या तासावर ठेवणं. पात्रापाशी आणि वारसाच्या मुकुटापाशी थांबायला वेळ उरत नाही. तिसरी, राज्यसभागृह रिकामं दिसतं म्हणून दारातूनच बघून परतणं. आत जाऊन सिंहासनाच्या समोर, मध्यभागी उभं राहिल्याशिवाय दोन्ही पुतळे एकत्र नजरेत येत नाहीत. आणि मोठ्या पिशव्या आणू नयेत, ठेवायच्या जागा मर्यादित असतात.

राजवाडा झाल्यावर उतारावरच स्टुरशिर्कान, म्हणजे मोठं चर्च आहे. क्रिस्टीनाचा राज्याभिषेक २० ऑक्टोबर १६५० ला इथे झाला आणि व्हिक्टोरियाचं लग्न १९ जून २०१० ला. एकीने लग्नच नाकारून वारस नेमला, दुसरीने सरकारच्या संमतीने लग्न केलं आणि वारसाला जन्म दिला. वीस मिनिटं पुरे होतात.

शक्ती उरली असेल तर पुलापलीकडे रिद्दारहोमचं चर्च. राजांची दफनभूमी. ते वर्षभर उघडं नसतं, मोसम बघून जावं. गुस्ताव दुसरा अडॉल्फ इथेच आहे. क्रिस्टीनाला इथे शोधू नये, ती १६८९ मध्ये रोममध्ये वारली आणि सेंट पीटरच्या चर्चमध्ये पुरली गेली. उलरिका एलेओनोरा मात्र इथे आहे, कार्ल घराण्याच्या दफनकक्षात, जो तिच्या जागी राजा झाला त्या नवऱ्याशेजारी आणि ज्याची गादी तिला मिळाली त्या भावाजवळ.